अंगणातून दिसणारी पृथ्वीची सावली

आकाशातील बहुतेक घटनांचा अभ्यास करावयाचा तर साधनांची जुळवाजुळव करावी लागते. खग्रास चंद्रग्रहण हा याला मोठा अपवाद होय. जवळ दुर्बीण नसली, वेधशाळा कित्येक कोस दूर असली, तरी घराच्या परसातून, गच्चीवरून किंवा शेतातील खळ्यावरून हे ग्रहण आरंभापासून अखेरपर्यंत पाहता येते. सूर्यग्रहणाप्रमाणे येथे डोळ्यांना कसलाही अपाय संभवत नाही. चंद्राकडे पौर्णिमेस पाहणे जितके निर्धोक, तितकेच ग्रहणाच्या रात्रीही निर्धोक असते. आपण ज्या पृथ्वीवर वावरतो तिचा आकार आपल्याला एरवी दिसत नाही. या रात्री मात्र तिची सावली तीन-साडेतीन तास आपल्या डोळ्यांसमोर असते.

भाद्रपद पौर्णिमेला, म्हणजे ७ सप्टेंबर २०२५ रोजी, असे ग्रहण सबंध महाराष्ट्रातून दिसण्याजोगे होते. रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी सावलीचा चंद्रबिंबाला स्पर्श झाला, ११ वाजून १ मिनिटाने बिंब पूर्णपणे सावलीत बुडाले, १२ वाजून २३ मिनिटांनी ते बाहेर पडू लागले आणि १ वाजून २६ मिनिटांनी मोक्ष झाला. या वेळा कित्येक वर्षे आधीच मिनिटापर्यंत ठाऊक होत्या आणि घरोघरीच्या पंचांगांत व दिनदर्शिकांत छापलेल्या होत्या. तथापि, ज्या पानावरून ही वेळ पाहावयाची त्याच पानाचा आधार घेऊन आजही अनेक घरांत अन्नपाणी वर्ज्य केले जाते आणि गर्भवती स्त्रीला अंधाऱ्या खोलीत बसविले जाते. ग्रहणाची वेळ गणिताने मिळते, हे आपण मान्य करतो. मग त्याच गणिताने सांगितलेले ग्रहणाचे कारणही मान्य करावयास हवे. ते कारण अंगणात उभे राहून कोणालाही पडताळून पाहता येते. ते कसे, हे येथे पाहावयाचे आहे.

नारळ आणि लिंबू

ग्रहणाची रचना समजून घेण्यासाठी एक साधी प्रतिकृती करावी. एक सेंटिमीटर म्हणजे एक हजार किलोमीटर असे प्रमाण धरले, तर पृथ्वी सुमारे पावणेतेरा सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे मोठ्या नारळाएवढी होते. चंद्र साडेतीन सेंटिमीटरांचा, लहान लिंबाएवढा. पृथ्वीपासून चंद्राचे सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर आहे. म्हणून हे लिंबू नारळापासून ३ मीटर ८४ सेंटिमीटरांवर ठेवावे लागेल. सूर्याचा गोळा मात्र १४ मीटर व्यासाचा, चार मजली इमारतीएवढा घ्यावा लागेल आणि तोही दीड किलोमीटर दूर!

या दूरच्या सूर्याच्या प्रकाशात नारळाची गडद सावली मागे निमुळती होत जाते व सुमारे १४ मीटरांवर टोकाला येऊन संपते. या गडद सावलीस प्रच्छाया म्हणतात. तिच्याभोवती विरळ सावलीचा जो पट्टा असतो त्यास उपच्छाया म्हणतात. लिंबू जेथे आहे तेथे प्रच्छायेची रुंदी सव्वानऊ सेंटिमीटरांच्या आसपास असते. म्हणजे लिंबू तीत सहज बुडू शकते. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत येतात ते पौर्णिमेला, म्हणून चंद्रग्रहण पौर्णिमेलाच होते.

मग प्रत्येक पौर्णिमेस ग्रहण का होत नाही? चंद्राच्या भ्रमणाची पातळी पृथ्वीच्या भ्रमणाच्या पातळीशी सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. आपल्या प्रतिकृतीत याचा अर्थ असा की, लिंबू नारळाच्या पातळीपासून कधी ३५ सेंटिमीटर वर तर कधी तितकेच खाली जाते. सावली रुंद अवघी सव्वानऊ सेंटिमीटर आणि लिंबाची ही चढउतार पस्तीस सेंटिमीटर! साहजिकच बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. या दोन पातळ्या ज्या दोन बिंदूंत एकमेकींना छेदतात, त्यांच्या जवळ पौर्णिमा घडली तरच ग्रहण लागते.

राहू आणि केतू ही या दोन छेदनबिंदूंचीच नावे होत. ते पदार्थ नव्हेत, ग्रहगोलही नव्हेत. हे बिंदू स्थिर नसतात. ते उलट्या दिशेने सरकत सुमारे १८.६ वर्षांत एक फेरी पूर्ण करतात. पौर्णिमांचे चक्र आणि या बिंदूंचे चक्र यांचा मेळ १८ वर्षे, ११ दिवस व सुमारे ८ तासांनी पुन्हा जुळतो आणि तशाच प्रकारचे ग्रहण परत येते. २८ ऑगस्ट २००७ रोजी जे खग्रास चंद्रग्रहण झाले, त्याचीच पुढील आवृत्ती ७ सप्टेंबर २०२५ रोजी झाली. मधल्या आठ तासांत पृथ्वीने सुमारे एक तृतीयांश फेरा घेतलेला असतो. म्हणून २००७ मध्ये ग्रहणाचा मध्य भारतात दुपारी चारच्या सुमारास, चंद्र क्षितिजाखाली असताना आला, तर २०२५ मध्ये तो मध्यरात्रीच्या जरा आधी आला.

आपली गणिताची परंपरा

ग्रहण सावलीमुळे होते हे ज्ञान आपल्याकडे बाहेरून अलीकडे आले, अशी अनेकांची समजूत असते. ती बरोबर नाही. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास लिहिलेल्या ‘आर्यभटीय’ या ग्रंथात चंद्रग्रहणाचे कारण पृथ्वीची छाया हेच दिले असून त्या छायेची लांबी व रुंदी काढण्याची रीतही सांगितली आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने राहू चंद्राला गिळतो या समजुतीचे ‘बृहत्संहिते’त तर्काने खंडन केले. ‘सूर्यसिद्धान्ता’त तर चंद्रग्रहणाचा उपयोग दोन गावांमधील पूर्व-पश्चिम अंतर काढण्यासाठी कसा करावा, हे दिलेले आहे. चंद्रग्रहण सर्वांना एकाच क्षणी दिसते, परंतु प्रत्येक गावची स्थानिक वेळ निराळी असते, या तत्त्वावर ती रीत आधारलेली आहे. मुंबई आणि नागपूर यांच्या स्थानिक सूर्यवेळेत सुमारे २५ मिनिटांचे अंतर पडते. आज आपण सर्व एकच प्रमाणवेळ वापरतो, म्हणून हा फरक घड्याळात दिसत नाही इतकेच.

महाराष्ट्राचा या परंपरेतील वाटाही थोर आहे. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ हा करणग्रंथ रचला. ज्या गणिताला ज्या-कोटिज्यांची किचकट कोष्टके लागत, ते गणित त्यांनी साध्या बेरीज-वजाबाकी व गुणाकार-भागाकारांवर आणून ठेवले. त्यामुळे खेड्यातील जोशीही ग्रहण वर्तवू शकला, आणि पुढे कित्येक शतके महाराष्ट्रातील पंचांगे या ग्रंथावरून तयार होत राहिली. सावलीची रुंदी, चंद्राची गती आणि त्याचे पातळीपासूनचे अंतर या तीन गोष्टींशिवाय हे गणित पुढे सरकत नाही. पंचांगकर्त्याच्या गणितात राक्षसाला जागा कधीच नव्हती.

निरीक्षण कसे करावे

ग्रहण पाहण्यासाठी पूर्वतयारी थोडीच लागते. अंगणातील दिवे मालवावेत आणि पाठ टेकून आकाशाकडे पाहता येईल अशी खुर्ची किंवा बाज टाकावी. जवळ वही, पेन्सिल, बरोबर लावलेले घड्याळ आणि मंद प्रकाशाची विजेरी ठेवावी. द्विनेत्री दुर्बीण मिळाली तर चंद्रावरील विवरे एकामागून एक सावलीत कशी बुडतात हेही दिसते.

आपल्या ज्योतिर्ग्रंथांनी ग्रहणाच्या पाच अवस्थांना सुंदर व नेमकी नावे दिली आहेत. सावली बिंबाला प्रथम लागते तो स्पर्श, बिंब पूर्ण बुडते ते संमीलन, मग मध्य, बिंबाची कड पुन्हा उजळते ते उन्मीलन, आणि सावली पूर्ण सुटते तो मोक्ष. या पाचही क्षणांची वेळ वहीत टिपावी. स्पर्शापूर्वीचा सुमारे तासभर चंद्र उपच्छायेत असतो. त्यातील पहिला बराच वेळ डोळ्यांना काहीच फरक जाणवत नाही. स्पर्शाच्या थोडे आधी बिंबाच्या पूर्व कडेवर धुरकट छटा दिसू लागते. चंद्र पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत सावलीत शिरतो, म्हणून त्याची पूर्वेकडील कड प्रथम काळवंडते. चंद्र पूर्व आकाशात असेल तर ही कड क्षितिजाच्या बाजूची, म्हणजे खालची असते.

सावली बिंबावर पुढे सरकू लागली की तिच्या कडेचा आकार कागदावर रेखाटावा. दर दहा मिनिटांनी असे एक चित्र काढले, तर प्रत्येक चित्रात सावलीची कड वर्तुळाचा भागच असल्याचे आढळेल. चंद्र उगवतीला असो, माथ्यावर असो वा मावळतीला, कोणत्याही ग्रहणात ही कड गोलच दिसते. ज्या वस्तूची सावली कोणत्याही बाजूने गोल पडते ती वस्तू गोलच असली पाहिजे, असा युक्तिवाद ग्रीक तत्त्ववेत्ता अ‍ॅरिस्टॉटल याने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी केला होता. तोच युक्तिवाद शाळेतील मुलाला आपल्या वहीच्या आधारे करता येतो.

संमीलनानंतर आकाशाचे रूप पालटते. पौर्णिमेच्या प्रकाशात लोपलेले तारे पुन्हा दिसू लागतात, आणि चंद्र नाहीसा न होता तांबूस रंगाने दिसत राहतो. पृथ्वीभोवतीच्या वातावरणातून जाणारे सूर्यकिरण किंचित वाकतात व सावलीत शिरतात. वातावरणात निळा प्रकाश विखुरला जातो आणि तांबडा पुढे जातो. उगवत्या-मावळत्या सूर्याला तांबडेपणा येतो तोही याच कारणाने. त्या वेळी कोणी चंद्रावर उभा असेल तर त्याला पृथ्वीच्या काळ्या बिंबाभोवती तांबडे कडे दिसेल. त्या क्षणी पृथ्वीवर जेथे जेथे सूर्य उगवत वा मावळत असेल, तेथील सर्व संधिप्रकाश चंद्रावर एकवटलेला असतो.

हा रंग दरवेळी सारखा नसतो. फ्रेंच ज्योतिर्विद आंद्रे दांजाँ यांनी १९२१ मध्ये त्यासाठी पाच पायऱ्यांचे माप सुचविले. चंद्र जवळजवळ दिसेनासा झाला तर शून्य. करडा किंवा तपकिरी व अस्पष्ट असेल तर एक. गंजासारखा गडद तांबडा असेल तर दोन. विटकरी असून कड पिवळसर असेल तर तीन. आणि तांब्यासारखा उजळ असून कडेला निळसर झाक असेल तर चार. ग्रहणमध्यास नुसत्या डोळ्यांनी पाहून आपला अंक वहीत लिहावा. हा अंक म्हणजे पृथ्वीच्या वातावरणाची परीक्षाच असते. फिलिपाइन्समधील पिनातुबो ज्वालामुखीचा जून १९९१ मध्ये स्फोट झाला व त्याची धूळ आणि वायू वातावरणात फार उंच गेले. दीड वर्षाने, ९ डिसेंबर १९९२ च्या ग्रहणात, चंद्र नेहमीपेक्षा कितीतरी काळा दिसला.

दोन वेळांवरून पृथ्वीचे माप

वहीतील नोंदींचा आणखी एक उपयोग आहे. स्पर्शापासून संमीलनापर्यंत चंद्र साधारणपणे आपल्याच व्यासाएवढे अंतर सावलीत आत जातो. स्पर्शापासून उन्मीलनापर्यंत त्याची पुढची कड सावली पार करते. चंद्र सावलीच्या मध्यातून गेला असेल, तर या दोन कालावधींच्या गुणोत्तरावरून सावली चंद्राच्या किती पट रुंद आहे ते समजते.

२७-२८ जुलै २०१८ च्या रात्रीचे ग्रहण या प्रयोगाला फार सोयीचे होते, कारण त्या वेळी चंद्र सावलीच्या मध्याजवळून गेला. त्याची खग्रास अवस्था १०३ मिनिटांची, एकविसाव्या शतकातील सर्वांत दीर्घ होती. भारतीय वेळेनुसार स्पर्श रात्री ११ वाजून ५४ मिनिटांनी, संमीलन १ वाजता आणि उन्मीलन २ वाजून ४३ मिनिटांनी झाले. पहिला कालावधी ६६ मिनिटांचा व दुसरा १६९ मिनिटांचा. १६९ ला ६६ ने भागले असता २.५६ येतात. म्हणजे सावली चंद्राच्या सुमारे अडीच पट रुंद होती.

परंतु पृथ्वीची सावली चंद्रापर्यंत पोहोचताना निमुळती झालेली असते. ती किती निमुळती होते, हे खग्रास सूर्यग्रहणावरून कळते. त्या वेळी चंद्राची सावली पृथ्वीपर्यंत येईतो जेमतेम टोकाएवढी उरते. म्हणजे तेवढ्या अंतरात ती चंद्राच्या एका व्यासाने घटते. पृथ्वीची सावलीही तेवढ्याच अंतरात तेवढीच घटणार. म्हणून २.५६ मध्ये १ मिळवावयाचा. पृथ्वी चंद्राच्या ३.५६ पट आहे, असे उत्तर मिळते. प्रत्यक्षात हे प्रमाण ३.६७ आहे. एक घड्याळ आणि एक जागरण एवढ्या भांडवलावर आलेली ही चूक शेकडा तीनच आहे! चंद्र सावलीच्या मध्यापासून दूरून गेला असेल तर ही वेळेची रीत उणे उत्तर देते. अशा वेळी सावलीच्या कडेच्या चित्रावरून कंपासाने वर्तुळ पुरे करावे व त्याचा व्यास मोजावा.

भीतीचा हिशेब

ग्रहणात ‘दे दान, सुटे गिराण’ ही हाळी महाराष्ट्राच्या गल्ल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत असे. दानधर्म करणे, स्नान करणे, जप करणे या ज्याच्या त्याच्या श्रद्धेच्या गोष्टी आहेत व त्यांनी कोणाचे अहित होत नाही. जेथे शरीराला अपाय होतो तेथे मात्र विचार करणे अगत्याचे आहे. रूढीप्रमाणे चंद्रग्रहणाचे वेध स्पर्शाच्या तीन प्रहर, म्हणजे नऊ तास आधी लागतात. ७ सप्टेंबर २०२५ चे वेध या हिशेबाने दुपारी एकच्या सुमारास लागले आणि मोक्ष मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास झाला. गर्भवती स्त्रीने हे सारे पाळावयाचे म्हटले तर तिने साडेबारा तास अन्नपाण्यावाचून राहावयाचे! स्वतः पंचांगांनीही बालके, वृद्ध, आजारी व गर्भवती यांच्यासाठी वेधाचा काळ कमी सांगितलेला असतो. घरातील भीती पंचांगाच्याही पुढे जाते, ती अशी.

गर्भारपणात पाण्याविना दीर्घकाळ राहिल्याने थकवा, चक्कर व लघवीच्या तक्रारी उद्भवू शकतात. मधुमेह किंवा रक्तक्षय असलेल्या स्त्रीला उपास अधिकच धोक्याचा ठरतो. याउलट, गर्भावर चंद्रग्रहणाचा परिणाम घडवील असे कोणतेही किरण या वेळी चंद्राकडून येत नाहीत. चंद्र स्वतः प्रकाशत नाही. तो सूर्याचा प्रकाश परावर्तित करतो आणि ग्रहणात तो प्रकाश फक्त कमी होतो.

ग्रहणात गर्भवतीने विळी किंवा सुरी हाती धरली तर मुलाचा ओठ फाटका निपजतो, ही समजूत सर्वांत अधिक क्लेश देते. ओठाचे दोन्ही बाजूंचे भाग गर्भारपणाच्या पहिल्या दोन महिन्यांतच जुळून येतात. ते नीट जुळले नाहीत तर फट राहते. त्यामागे आनुवंशिकता, गर्भारपणातील धूम्रपान, काही औषधे अशी कारणे असू शकतात. सातव्या-आठव्या महिन्यात भाजी चिरल्याने आधीच जुळलेला ओठ दुभंगणे शक्य नाही. तरीही अशा बाळाच्या आईला जन्मभर बोल लावला जातो, आणि उपचाराऐवजी दैवाकडे बोट दाखविले जाते. वस्तुतः हे व्यंग शस्त्रक्रियेने दूर होते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेले ओठ व टाळू यांचा समावेश असून, अंगणवाडी व शाळांतील तपासणीतून अशा मुलांना विनामूल्य उपचारांसाठी पाठविले जाते. आईला दोष देण्यात गेलेला काळ त्या बालकाच्या उपचारातून वजा होतो, हे घरातील वडीलधाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

पुढील संधी

यापुढे महाराष्ट्रातून आरंभापासून अखेरपर्यंत दिसणारे खग्रास चंद्रग्रहण ३१ डिसेंबर २०२८ रोजी, पौष पौर्णिमेच्या रात्री आहे. भारतीय वेळेनुसार स्पर्श रात्री सुमारे ८ वाजून ३७ मिनिटांनी, संमीलन ९ वाजून ४६ मिनिटांनी, मध्य १० वाजून २२ मिनिटांनी, उन्मीलन १० वाजून ५७ मिनिटांनी आणि मोक्ष मध्यरात्रीनंतर पाच-सहा मिनिटांनी होईल. जुलै आणि सप्टेंबरातील ग्रहणांना ढगांचा अडथळा असतो. डिसेंबरात आकाश बहुधा निरभ्र असते आणि वेळही लहान मुलांना जागता येण्याजोगी आहे.

शाळांनी व ग्रामपंचायतींनी या रात्रीची आखणी आधीच करावी. नारळ-लिंबाची प्रतिकृती वर्गात मांडावी, मुलांना पाच अवस्थांचे तक्ते आखून द्यावेत आणि निरनिराळ्या गावांतील नोंदी मागाहून ताडून पाहाव्यात. गडचिरोलीच्या मुलाने आणि सिंधुदुर्गच्या मुलीने टिपलेला स्पर्शाचा क्षण घड्याळात एकच निघेल. चंद्रग्रहण सर्वांना एकाच वेळी दिसते, याचा तो पुरावा होय. त्या रात्री घरातील गर्भवतीचे जेवण नेहमीच्या वेळी व्हावे, तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या असावा, आणि तिला इच्छा असेल तर अंगणातील पहिली खुर्ची तिच्यासाठी मांडावी.